नव्ह-शापेलचा इतिहास लिहायचा तर आधी कुठलं दप्तर उघडावं?

प्रश्न थोडक्यात असा: पणजोबा खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्समध्ये (लष्कराच्या इंजिनियर पलटणीत) होते आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या नव्ह-शापेल या गावी लढले, असं घरात सांगतात. त्या गावाचा इतिहास मराठीत लिहायचा आहे, फक्त लढाईचा नाही तर गावाचा. फ्रेंच कामापुरतं येतं. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात गावाच्या नावापासून करू नका, हद्दीपासून करा. फ्रान्समधले कागद गावाच्या नावाखाली क्वचितच सलग मिळतात. ज्या वर्षी गाव ज्या कचेरीखाली होतं, त्या कचेरीच्या दप्तरात ते सापडतात. म्हणून प्रत्येक शतकासाठी आधी एकच गोष्ट ठरवायची: तेव्हा हे गाव कोणाच्या अमलाखाली होतं, सारा कोण घेत होतं आणि नोंद कोण ठेवत होतं. हे न ठरवता शोधायला बसलेले लोक ‘कागद जळले असतील’ म्हणून उठतात. प्रत्यक्षात कागद शेजारच्या शहरात शाबूत असतात.

नव्ह-शापेल आज पा-द-कॅले जिल्ह्याच्या बेथ्यून उपविभागात आहे. ला बासे या गावाच्या उत्तरेला, लिस नदीच्या सपाट, ओलसर मैदानात हजार-दीड हजार वस्तीचं गाव. पूर्वेकडे ऑबेर, तिथे चालत पाऊण-एक तासात पोचता येतं. पण ऑबेर नॉर जिल्ह्यात, त्यामुळे त्याचं दप्तर लिल शहरात आणि नव्ह-शापेलचं आर्रासलगतच्या दँव्हील इथल्या जिल्हा अभिलेखागारात. पश्चिमेला रिशबुर. आज ते एक गाव दिसतं, पण रिशबुर-सँ-व्हास्त आणि रिशबुर-लाव्हुए ही दोन गावं १९७१ मध्ये एकत्र झाली. त्याआधीच्या कुठल्याही यादीत नुसतं ‘रिशबुर’ शोधलंत तर अर्धाच माल हाती येईल.

याच हद्दीमुळे आणखी एक घोळ होतो. ज्याला सगळे ‘नव्ह-शापेलचं भारतीय स्मारक’ म्हणतात ते नव्ह-शापेलमध्ये नाही. गावाच्या नैर्ऋत्येला ला बाँब नावाच्या चौकात ते उभं आहे आणि ती जागा रिशबुरच्या हद्दीत येते. समोरचं पोर्तुगीज सैनिकांचं दफनस्थळही रिशबुरचंच. तेव्हा स्मारकाची जमीन, रस्ता, देखभाल याविषयी पत्र लिहायचं झालं तर रिशबुरच्या नगरपालिकेला लिहा. स्मारकाचा आराखडा हर्बर्ट बेकर यांचा, शिल्पकाम चार्ल्स व्हीलर यांचं. मधला स्तंभ सुमारे १५ मीटर उंच, अशोकस्तंभांच्या धर्तीवरचा. उद्घाटन ७ ऑक्टोबर १९२७ रोजी भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड यांच्या हस्ते झालं. त्यावर ४,७०० हून अधिक नावं आहेत, आणि ती फक्त ज्यांची कबर ठाऊक नाही अशा मृतांची. पणजोबा जिवंत परतले असतील तर तिथे नाव शोधण्यात अर्थ नाही. परतलेल्या साध्या हिंदी शिपायांचे वैयक्तिक सेवापट फारच थोडे उरले आहेत. त्यामुळे माणसाचा माग सोडून तुकडीचा माग धरणं शहाणपणाचं.

तुकडीचाच विषय निघाला म्हणून तारीख आत्ताच दुरुस्त करून घ्या. नव्ह-शापेलची लढाई म्हटलं की सगळे १० ते १३ मार्च १९१५ धरतात. त्या हल्ल्यात हिंदी कोअरकडून पुढे गेली ती मीरत डिव्हिजन, आणि तिच्यातल्या सॅपर्सच्या कंपन्या बंगालच्या, म्हणजे १ल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या. खडकीचे ३रे सॅपर्स अँड मायनर्स लाहोर डिव्हिजनमध्ये होते. त्यांच्या २० व्या आणि २१ व्या कंपनीची खरी परीक्षा झाली ती २८ ऑक्टोबर १९१४ रोजी. जर्मनांनी एक-दोन दिवस आधीच गाव घेतलं होतं. ते परत घेण्यासाठी ४७ व्या शीख पलटणीबरोबर या दोन कंपन्यांना पायदळासारखं उघड्या शेतातून पुढे पाठवलं. पूल बांधायला आणि खंदक खणायला शिकवलेली ही माणसं गावाच्या गल्ल्यांत हातघाईवर लढली, पाठीमागून कुमक आली नाही आणि मागे यावं लागलं. त्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी त्या दिवशी ठार किंवा जखमी झाले. तेव्हा घरातली आठवण खडकीची असेल तर बहुधा ती मार्चची नाही, ऑक्टोबरची आहे. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत तुकड्यांच्या रोजनिश्या आहेत. त्यात लाहोर डिव्हिजनच्या इंजिनियर तुकड्या मागा. मीरतच्या मागितल्यात तर सुंदर वाचन होईल, पण ते दुसऱ्यांच्या पणजोबांचं.

आता गाव. क्रम उलटा ठेवा: १९११ पासून मागे जा आणि युद्ध सर्वांत शेवटी घ्या. बहुतेक जण युद्धापासून सुरू करतात, मग गाव म्हणजे फक्त नकाशावरचा लक्ष्यबिंदू होऊन बसतं.

१९११ ची शिरगणती हा सर्वांत सोपा दरवाजा. १८३६ पासून फ्रान्समध्ये साधारण दर पाच वर्षांनी नावनिशीवार याद्या झाल्या. १८७१ ची १८७२ मध्ये झाली आणि १९१६ ची झालीच नाही. १९११ च्या यादीत रस्त्यावार, घरावार, कुटुंबावार नावं येतात, जन्मवर्ष, जन्मगाव आणि धंदा येतो. हे सगळं जिल्हा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. यादी उतरवून घ्या आणि लगेच १९२१ ची शेजारी ठेवा. कोणती आडनावं परतली, कोणती नाहीशी झाली, कोण नवीन आलं हे एका संध्याकाळी कळतं, आणि तुमच्या पुस्तकाचा कणा तोच होईल. धंद्यांचे शब्द मात्र जपून वाचा. ‘लाबूरर’ म्हणजे स्वतःची नांगरजोडी असलेला सधन शेतकरी, ‘मानुव्रिये’ म्हणजे हाताचा मजूर, आणि या भागातला ‘मेनाजे’ म्हणजे थोडीशी जमीन कसणारा लहान शेतकरी. शब्दकोश पाहून त्याला ‘घरकाम करणारा’ केलंत तर अर्ध्या गावाचा दर्जा बदलेल.

दुसरा दरवाजा जमिनीचा. १५ सप्टेंबर १८०७ च्या कायद्याने प्रत्येक गावाची मोजणी सुरू झाली. याला नेपोलियनचं कादास्त्र म्हणतात. त्याचे तीन भाग असतात आणि तिन्ही लागतात. पहिला भाग नकाशे: गावाचा एक जोडनकाशा आणि ए, बी, सी अशा विभागांचे तपशीलवार नकाशे, बहुधा १:२५०० किंवा १:१२५० प्रमाणात. दुसरा विभागवार तक्ता: तुकड्याचा नंबर, मालक, जमिनीचा प्रकार, क्षेत्र. तिसरी मालकवार वही, जिला मात्रिस म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत दुसरा भाग सातबाऱ्याच्या बाजूचा आणि तिसरा आठ-अ च्या बाजूचा. विभागवार तक्ता एकदाच तयार झाला, पुढे बदलला नाही. खरेदी-विक्री, वाटण्या, वारस या नोंदी मात्रिसमध्येच होत गेल्या. म्हणून १८९० मध्ये एखादं शेत कोणाचं होतं हे तक्त्यात पाहिलंत तर उत्तर हमखास चुकतं. मात्रिसमध्ये खोडलेली नावं आणि शेजारचं वर्ष पाहत एका पानावरून दुसऱ्या पानावर जावं लागतं. वेळखाऊ आहे, पण पर्याय नाही. या सगळ्याला ‘३ पी’ ही खूण असते. नकाशे बहुतेक ऑनलाइन मिळतात, मात्रिस पाहायला मात्र अनेकदा दँव्हीलला जावं लागतं.

नकाशे एकावर एक ठेवण्याचं काम घरबसल्या होतं. अठराव्या शतकातला कासिनीचा नकाशा १:८६,४०० प्रमाणाचा. तो रस्ते, चर्च आणि गिरण्या पाहायला बरा, शेतांसाठी निरुपयोगी. त्यानंतर कादास्त्र, मग लष्कराचा १:८०,००० चा नकाशा, मग ब्रिटिशांचे १:१०,००० चे खंदकनकाशे. नव्ह-शापेलसाठी ३६ एसडब्ल्यू ३, म्हणजे रिशबुर नावाचा नकाशा मागा; स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे ऑनलाइन ठेवले आहेत. युद्धानंतरच्या हवाई छायाचित्रांसाठी फ्रान्सच्या भूगोल संस्थेचं संकेतस्थळ आहे. खंदकनकाशावर जर्मन खंदक आणि तारा बारकाईने दिसतात. ब्रिटिश बाजू मुद्दाम कोरी ठेवलेली किंवा त्रोटक असते, कारण नकाशा शत्रूच्या हाती लागण्याची भीती होती. कोऱ्या जागेवरून ‘इथे काही नव्हतं’ असा निष्कर्ष काढू नका.

इथली जमीनही समजून घ्या, नाहीतर ना शेती कळेल ना लढाई. माती चिकण, पाणी हात-दोन हातांवर, शेतांना चारी बाजूंनी चर. गावाच्या पूर्वेला ले नावाचा ओढा आणि त्यापलीकडे बिये जंगल. हिवाळ्यात खोल खंदक खणले की पाणी भरायचं, म्हणून दोन्ही सैन्यांनी इथे जमिनीवर मातीच्या पोत्यांच्या भिंती उभारल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने चर हाच गावाचा कणा: कोणाचा चर कोणी साफ करायचा यावरून नगरपालिकेच्या ठरावांत वर्षानुवर्षं भांडणं सापडतात. ठराववह्या जरूर वाचा. २,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावांनी जुनी कागदपत्रं जिल्हा अभिलेखागारात जमा करायची असा १९७० चा कायदा आहे. त्यामुळे आधी दँव्हीलच्या सूचीत पाहायचं, तिथे नसेल तरच गावच्या कचेरीला विचारायचं.

आता जन्म-लग्न-मृत्यू. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने या नोंदी पाद्रीकडून नगरपालिकेकडे आल्या. दर दहा वर्षांची वर्णानुक्रम सूची असते; थेट वहीत शिरू नका, आधी सूची. प्रत्येक वहीच्या दोन प्रती: एक गावात, एक उपविभागाच्या न्यायालयात, म्हणजे बेथ्यूनला. ही व्यवस्था आग आणि उंदरांसाठी उत्तम, तोफांसाठी नाही. नव्ह-शापेल चार वर्षं आघाडीवर होतं आणि १९१८ मध्ये बेथ्यून शहरही तोफमाऱ्यात उद्ध्वस्त झालं. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी कोणत्या वर्षाची कोणती प्रत उरली आहे याचा एक तक्ता करा. मोकळी वर्षं दिसली तर ती भरायला शिरगणती, लष्करभरतीच्या वह्या आणि वारसनोंदीचे तक्ते कामी येतात. भरतीच्या वह्यांत वयाच्या विसाव्या वर्षी प्रत्येक मुलाची उंची, शिक्षण, धंदा आणि पुढची सेवा लिहिलेली असते. फ्रेंच मृत सैनिकांसाठी संरक्षण खात्याचा ‘मेम्वार देझॉम’ हा ऑनलाइन संग्रह आहे.

तारखांचे दोन सापळे. क्रांतीनंतर १७९३ च्या शरद ऋतूपासून १८०५ अखेरपर्यंत प्रजासत्ताक पंचांग चाललं: तीस दिवसांचे बारा महिने आणि वर्षअखेर पाच किंवा सहा जादा दिवस. १८ ब्रुमेर, वर्ष ८ म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. मनाने हिशेब करू नका, परिवर्तक वापरा आणि टिपणात दोन्ही तारखा ठेवा. दुसरा सापळा अधिक चिवट: पूर्वी या भागात वर्ष ईस्टरला बदलायचं. १० मार्च १५५० अशी तारीख दिसली तर ती आजच्या मोजणीने १५५१ ची. बहुतेक फ्रेंच मार्गदर्शिका सांगतात की राजाच्या १५६४ च्या फर्मानाने १ जानेवारी आली. ते इथे लागू नाही, आणि कारण महत्त्वाचं आहे.

सोळाव्या शतकात हा प्रदेश फ्रान्सचा नव्हताच. आर्तुआ आणि फ्लँडर्स हे इथले दोन्ही जुने प्रांत हाब्सबुर्ग राजघराण्याच्या, पुढे स्पेनच्या नेदरलँड्सच्या अमलाखाली होते. आर्रास फ्रेंचांनी १६४० मध्ये घेतलं, बेथ्यून १६४५ मध्ये, आणि आर्तुआचा मोठा भाग कागदोपत्री फ्रान्सला मिळाला तो १६५९ च्या पिरेनीज तहाने. लिल आलं १६६७-६८ मध्ये. १ जानेवारीचं वर्ष इथे आलं ते दुसऱ्या फिलिपच्या १५७५ च्या हुकुमाने, पुढच्या वर्षापासून. बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या करणारं १५३९ चं व्हिलेर-कोत्रेचं फर्मान, लग्न आणि दफन जोडणारं १५७९ चं ब्लुआचं फर्मान, हे दोन्ही फ्रान्सच्या राजाचे; इथल्या पाद्रीवर ते बंधनकारक नव्हते. नॉर्मंडीतल्या गावात १५६० च्या वह्या मिळतात म्हणून इथे त्या ‘हरवल्या’ असं लिहू नका.

उलट परकीय अमलाचा फायदाही आहे. १५६९ मध्ये स्पेनच्या वतीने इथला कारभार पाहणाऱ्या आल्बाच्या ड्यूकने मालमत्तेवर शंभरावा हिस्सा कर बसवला आणि त्यासाठी आर्तुआत गावोगाव याद्या झाल्या: मालक कोण, कसतो कोण, क्षेत्र किती, घर कसं. फ्रान्सच्या अनेक प्रांतांत त्या काळासाठी इतकं तपशीलवार काही नाही. पा-द-कॅलेच्या ‘सी’ मालिकेत या याद्या पाहा. लिलमध्ये हिशेबखात्याचं प्रचंड दप्तर ‘बी’ मालिकेत आहे. त्यात शिरण्याआधी नव्ह-शापेल आणि आसपासच्या वाड्या कोणत्या न्यायकक्षेत होत्या हे १९०७ मध्ये छापलेल्या जिल्ह्याच्या स्थलनामकोशात पाहून घ्या. त्यात प्रत्येक नावाची जुनी रूपं सालासकट दिलेली असतात. एकाच गावात दोन-तीन जहागिऱ्या आणि दोन सत्तांचे तुकडे ही इथली नेहमीची गोष्ट.

क्षेत्राच्या जुन्या मापांबाबत घाई करू नका. ‘मझ्यूर’ हे या भागातलं एकक, शंभर व्हेर्जचं. पण व्हेर्जची लांबी गावागणिक बदलायची. आर्तुआतली एक मझ्यूर साधारण ३५ ते ४३ आर. गावचं प्रमाण सिद्ध झाल्याशिवाय हेक्टर लिहू नका, मूळ आकडाच ठेवा. मेट्रिक माप सक्तीचं झालं ते १ जानेवारी १८४० पासून, आणि लोकांच्या बोलण्यात जुनं माप त्यानंतरही टिकलं.

चर्चच्या जमिनींसाठी आर्रासच्या सँ-व्हास्त मठाचं दप्तर पाहा, ‘एच’ मालिका. शेजारच्या रिशबुर-सँ-व्हास्तशी मठाचा संबंध नावातच आहे. २ नोव्हेंबर १७८९ ला चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली, पुढे लिलाव झाले. ते कागद ‘क्यू’ मालिकेत. इथे एक प्रश्न जरूर विचारा: जमीन घेतली कोणी? गावातल्या मोठ्या कुळांनी, की बेथ्यून आणि लिलच्या व्यापाऱ्यांनी? एकोणिसाव्या शतकातल्या गावाची उतरंड या लिलावांतून घडली, आणि कादास्त्रच्या मात्रिसमध्ये तीच नावं पुन्हा भेटतील.

आणि आता युद्ध. त्यासाठी लढाईची वर्णनं नव्हे, नुकसानभरपाईच्या फायली हा खरा खजिना. १७ एप्रिल १९१९ च्या कायद्याने प्रत्येक नुकसानग्रस्ताला भरपाईचा हक्क मिळाला. अर्जदाराने घराची मापं, विटा, छप्पर, जनावरं, अवजारं, झाडं, भांडीकुंडी सगळं लिहायचं. कँटनवार (कँटन म्हणजे काही गावांचा गट) समिती तपासायची. किंमत १९१४ ची धरायची आणि पुन्हा बांधणार असाल तर वाढीव खर्च वेगळा. म्हणजे १९१४ च्या जुलैत एखाद्या घराच्या माजघरात काय होतं हे तुम्हाला कळतं. या फायली ‘आर’ मालिकेत आहेत. पण त्या आंधळेपणाने वापरू नका. लोकांनी आकडे फुगवले, समितीने कापले. म्हणून मागितलेली रक्कम आणि मंजूर रक्कम दोन्ही टिपा, आणि घराचं क्षेत्र कादास्त्रशी ताडून पाहा. शिवाय भरपाईचा हक्क न्यायालयाच्या परवानगीने दुसऱ्याला विकता येत होता, त्यामुळे फाइलवरचं शेवटचं नाव गावचं असेलच असं नाही. आज गावात जुनी दिसणारी विटांची घरं बहुतेक १९२० नंतरची. त्यांच्या दर्शनी भिंतीवरून अठराव्या शतकाबद्दल काही लिहू नका.

युद्धातला गावाचा क्रम असा: ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनांकडे, १० मार्च १९१५ ला पुन्हा ब्रिटिशांकडे. त्या सकाळी पस्तीस मिनिटांचा तोफमारा झाला आणि गाव काही तासांत घेतलं गेलं. पुढे ऑबेरच्या टेकडीकडची वाट मात्र अडली. हिंदी पायदळ १९१५ अखेर फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे गेलं, आणि मराठी वाचकासाठी गोष्ट इथेच संपवण्याचा मोह होतो. तो टाळा. ९ एप्रिल १९१८ ला हा पट्टा पोर्तुगीज डिव्हिजनच्या हाती होता. त्या दिवशीच्या जर्मन हल्ल्यात गाव पुन्हा गेलं आणि शरद ऋतूपर्यंत परत आलं नाही. गावातला भग्न क्रूस, हात-पाय तुटलेल्या ख्रिस्तासकट, फ्रान्सने १९५८ मध्ये पोर्तुगालला दिला. तो आता बताल्या मठात अज्ञात सैनिकांच्या समाधीपाशी आहे. म्हणजे या एका गावाच्या इतिहासाचे तुकडे दँव्हील, लिल, क्यू, पुणे आणि बताल्या इतक्या ठिकाणी पसरलेले आहेत.

अभिलेखागाराला पत्र लिहिताना ‘गावाविषयी जे असेल ते पाठवा’ असं लिहिलं तर नम्र नकार येतो. एका पत्रात एकच मागणी, मालिकेचं अक्षर, गाव, वर्षं आणि शक्य तर फाइल क्रमांक, साध्या फ्रेंचमध्ये चार ओळी. जन्म आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांनी खुल्या होतात, मृत्यूच्या नोंदींना अशी मुदत नाही. वाचनकक्षात बसणं फुकट आहे. प्रत्यक्ष जाणार असाल तर भरपाईच्या फायली आणि मात्रिस या दोनच गोष्टींसाठी जा. बाकी जवळपास सगळं घरून होतं. फोटो काढताना प्रत्येक फायलीच्या पहिल्या फोटोत क्रमांकाची चिठ्ठी ठेवा, आणि त्याच रात्री फोटो फोल्डरमध्ये लावून टाका, कारण तीनशे सारख्या दिसणाऱ्या पिवळ्या पानांतून आठवड्याने कोणतं पान कुठलं हे कोणालाच सांगता येत नाही.